अंगणातल्या करवंदाला फळ धरत नाही?

‘करवंद ही डोंगराची मैना, अंगणात आणली की नुसती पानं देते.’ कोकणात आणि घाटावर हे छातीठोकपणे सांगितलं जातं. खरं नाही. उत्तर प्रदेशात करवंदाची रीतसर लागवड होते. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ अशा जाती दिल्या आहेत, आणि आपल्या दापोलीची ‘कोकण बोल्ड’ आहेच. (केकवरची लालभडक ‘चेरी’ही बऱ्याचदा पाकवलेलं करवंद असते!)

मग अनेकांच्या दारी फळ का येत नाही? लाड. सावलीची जागा, रोज पाणी, वर शेणखताचा मारा; झाड पानोळ्यानेच माजतं. त्याला दिवसभर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी, मुरमाड असली तरी चालते. पहिले एक-दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या, पुढे पाऊस पुरतो.

दुसरं कारण कात्री. फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात आणि हिवाळ्यात कुंपण छाटलं की मोहरच जातो. छाटणी फळं उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर करावी.

बी मात्र ताजंच हवं. मे महिन्यात काळंभोर पिकलेलं करवंद खाऊन बिया लगेच पिशवीत पेरा. वाळवून ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. रोपाला फळ धरायला साधारण तीन वर्षं लागतात, तेवढा धीर नसेल तर गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) आणा. कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर लावा, फक्त पायवाटेपासून लांब. काटे दुहेरी असतात.