खुंटीवर न वाळणारं गंगावन

आजीच्या खोलीत कपाटाशेजारच्या खुंटीला तिचं गंगावन लटकलेलं असे. न्हाण्याच्या दिवशी ती ते वेगळं धुवायची, निथळायला ठेवायची आणि मग खुंटीला अडकवून मोकळी व्हायची. चारी बाजूंनी वारा लागला की दुपारपर्यंत ते खडखडीत. स्वतःच्या डोक्यावरच्या केसांसाठी मात्र पंच्याने झटका, उन्हाकडे पाठ करून बसा, वर ऊद दाखवा, असा सगळा सोहळा. उसने केस आणि आपले केस, दोघांचं वाळणं वेगवेगळं होतं.

आता हे दोन्ही केस एकमेकांना सुईदोऱ्याने शिवून टाकले आणि सहा-आठ आठवडे उसवायचेच नाहीत, असं ठरवलं तर?

अमेरिकेतल्या लाखो कृष्णवर्णीय स्त्रिया नेमकं हेच करतात. त्याला हेअर वीव्ह म्हणतात. आधी मूळचे केस टाळूला चिकटून बारीक, घट्ट वेण्यांमध्ये गुंफतात. नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या या वेण्या ओळीने दिसतात, आणि त्यांचं कॉर्नरो हे नावही मक्याच्या शेतातल्या ओळींवरूनच आलेलं आहे. मग लांब केस एका बारीक पट्टीवर शिवलेले असतात, त्या पट्ट्या (वेफ्ट) वाकड्या सुईने या वेण्यांवर टाचतात. कधी मध्ये जाळीही घालतात. पट्टीवर पट्टी, कौलांवर कौल चढवावं तशी. ओहायो राज्यातल्या क्रिस्टिना जेंकिन्स या केशरचनाकार बाईंनी उसने केस स्वतःच्या केसांत पक्के विणण्याच्या पद्धतीचं पेटंट १९५२ मध्ये मिळवलं. त्याआधी पिना आणि चापांवर भिस्त होती आणि वारा सुटला की धाकधूक. यासाठी लागणाऱ्या केसांचा मोठा वाटा भारतातून जातो. तिरुमलाला बालाजीच्या पायी वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो. नवस फेडायला गेलेल्या मराठी घरांतले केसही त्यात असणारच. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

कौलांची उपमा मी मुद्दाम दिली. कौलं बाहेरचं पाणी आत येऊ देत नाहीत. वीव्हच्या पट्ट्या आत गेलेलं पाणी बाहेर येऊ देत नाहीत.

शाम्पू करताना पाणी सगळीकडे शिरतं. वरचे मोकळे केस तासाभरात वाळतात, हलके होतात, उडायला लागतात. आरशात पाहिलं तर काम झालेलं. खाली टाळूलगतच्या वेण्या मात्र भिजलेल्याच. परकर दोरीवर वाळत घातला की घेर सुकतो आणि नेफा ओला राहतो, तसंच हे. फरक एवढाच की परकराचा नेफा कुणाच्या अंगावर नसतो. इथे ओलावा साधारण ३४ अंश सेल्सियसच्या त्वचेला चिकटून बसतो. ऊब, ओल आणि टाळूचं तेल मिळालं की मलासेझिया नावाच्या बुरशीची चंगळ. ती प्रत्येकाच्या डोक्यावर असते, तेलावर जगते आणि कोंड्यात तिचा हात असतो. शिवाय पावसाळ्यात नीट न वाळलेल्या टॉवेलाला येतो तसा कुबट वास. त्यातून ओल्या वेण्यांचं वजन मुळांना ओढतं. सतत ताण बसून केस गळण्याचा त्रास आधीच घट्ट वेण्या घालणाऱ्यांच्या मागे लागलेला असतो, त्यात ही भर.

म्हणून पुष्कळ जणी केस भिजूच देत नाहीत. घामानेसुद्धा नाही. अमेरिकेत १०३ कृष्णवर्णीय स्त्रियांना विचारून केलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी केसांच्या काळजीपोटी कधी ना कधी व्यायाम टाळल्याचं सांगितलं. त्याआधी २०११ मध्ये तिथल्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टर, रेजिना बेंजामिन यांनी थेट अटलांटातल्या केशरचनेच्या एका मोठ्या प्रदर्शनात जाऊन हाच विषय मांडला होता. केस वाळवणं ही नटण्यामुरडण्यापुरती बाब नाही, ती अशी.

मग ड्रायर लावला की झालं, नाही का? नाही. आणि का नाही, ते समजायला पाणी केसांत नेमकं बसतं कुठे हे पाहावं लागतं.

ओल्या केसांतलं पाणी दोन ठिकाणी असतं. एक, केसाकेसांच्या मधल्या फटींत. हे पाणी पृष्ठताणाने धरलेलं असतं, म्हणूनच ओले केस एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा होतात. पंच्याने फटकारले की केस थांबतात, थेंब मात्र जडत्वाने पुढे निघून जातात. आज्यांची ही युक्ती ऊर्जेच्या हिशेबात बिनतोड आहे, कारण पाण्याची वाफ करण्यापेक्षा पाणी झटकणं कितीतरी स्वस्त. पण वीव्ह झटकता येत नाही, खसाखसा पुसताही येत नाही. टाके सैल होतात. फक्त टॉवेल दाबून पाणी टिपायचं.

दुसरं पाणी केसाच्या आत. केस केराटिन या प्रथिनाचा. त्यावर कौलांसारख्याच खवल्यांचं आवरण आणि त्यावर तेलकट पदार्थाचा अतिशय पातळ थर, जो पाण्याला दूर ठेवतो. तरीही पुरता भिजलेला केस आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी आत घेतो आणि जाडीला चांगलाच फुगतो, पण लांबीला जेमतेम दोन टक्के वाढतो. वीव्हमधले केस स्वस्तातले असतील तर गोष्ट आणखी बिघडते. मुळं-टोकं उलटसुलट झालेल्या केसांची खवली एकमेकांत अडकून गुंता होतो, तो टाळण्यासाठी कारखान्यात आम्लाने खवलीच उतरवतात आणि वर सिलिकोनचा मुलामा देतात. काही धुण्यांत मुलामा जातो. खाली उरतो तो उघडा, पाणी पिणारा धागा.

आता हिशेब. तीन गड्ड्यांचा वीव्ह म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम केस. टॉवेलने टिपल्यावर १०० ग्रॅम पाणी उरलं असं धरू. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण २४० किलोज्यूल. १,२०० वॉटचा ड्रायर एवढी उष्णता २०० सेकंदांत ओततो. कागदावर साडेतीन मिनिटांत काम फत्ते! प्रत्यक्षात सलूनमध्ये डोक्यावर हेल्मेटसारखा मोठा ड्रायर घेऊन तास-तासभर बसावं लागतं. बाकीची उष्णता गेली कुठे? खोली तापवण्यात आणि वरचे, आधीच वाळलेले केस भाजण्यात.

हवा वाट शोधते ती सोपी. वरून झोत मारला की तो लांब केसांवरून घसरतो आणि निघून जातो. पट्ट्यांखालच्या फटीत हवा जागची हलत नाही. त्या कोंडलेल्या हवेने वेणीतलं पाणी थोडं घेतलं की ती संपृक्त होते, आणखी घेत नाही. पुढचं पाणी वाफ व्हायला तयार असलं तरी त्याला जागा नाही. आणि वेणीचा पृष्ठभाग वाळल्यावर तर वेग आणखी मंदावतो, कारण आता आतलं पाणी झिरपत बाहेर यायचं असतं. असं झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेणी दुप्पट जाड, तर वेळ चौपट. या टप्प्यात झोत वाढवून फारसं काही होत नाही. बारीक वेण्या घालणारी कारागीर इथे कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त वेळ वाचवते.

मग तापमान वाढवावं? इथे सावध राहायला हवं. ओला केस खूप तापला तर आतलं पाणी उकळून केसातच बुडबुडे होतात आणि केस तिथे तुटतो. कृत्रिम धाग्यांचे, मोडॅक्रिलिकचे केस असतील तर ते उष्णतेने मऊ पडून आकसतात. दुसऱ्या टोकाला, ‘आपोआप वाळू द्या, तेच उत्तम’ हा सल्लाही तपासून घेण्यासारखा आहे. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये केसांचे झुपके ३० वेळा धुऊन वाळवून पाहिले. ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरला तर केसांपाशी ४७ अंश तापमान होतं, ५ सेंटिमीटरवर ९५ अंश. जवळून वाळवलेल्या केसांचा पृष्ठभाग सर्वांत जास्त बिघडला, यात नवल नाही. पण नुसतेच वाळू दिलेल्या केसांच्या आतल्या पेशींमधला सांधणारा थर खराब झालेला दिसला, आणि तो फक्त त्यांच्यातच. बराच वेळ भिजून फुगलेलं राहणंही केसाला मानवत नाही, असा त्याचा अर्थ. दूरवरून, कोमट झोताने, ड्रायर हलता ठेवून वाळवणं सगळ्यांत बरं निघालं.

तर वीव्हसाठी हाती धरता येईल, पर्समध्ये टाकता येईल, जिमच्या कपडे बदलायच्या खोलीत वापरता येईल असं उपकरण करायचं, तर त्यात काय असावं? बाजारातल्या जाहिराती वॉटचे आकडे मिरवतात. माझ्या मते हा चुकीचा आकडा आहे. बॅटरीवर तर तो परवडतही नाही. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या साध्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास, म्हणजे १३३ किलोज्यूल ऊर्जा असते. एक ज्यूलही वाया न घालवता ती सगळी उष्णता केली तरी ५५ ग्रॅम पाणी उडेल. आपलं निम्मं डोकं ओलंच! तीच पॉवर बँक ५ वॉटच्या पंख्याला जोडा, सात तास चालेल. मग पाण्याची वाफ करायची उष्णता येईल कुठून? खोलीतल्या हवेतून आणि टाळूतून. माठातलं पाणी जे करतं तेच. फक्त सुकी हवा सतत त्या ओल्या वेणीपर्यंत पोहोचती ठेवायची.

पोहोचवायची कशी, ही खरी कारागिरी. एक प्रयोग घरी करून बघा. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकरीने विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझत नाही. बाहेर पडणारा झोत एका दिशेने दूर जातो, ओढलेली हवा सगळीकडून थोडी थोडी येते. म्हणजे शोषून घेणारं नव्हे, फुंकणारं यंत्र हवं. आणि फुंकरीचं तोंड पट्ट्यांच्या खाली न्यायला हवं. पोकळ दातांची फणी घ्या, दातांच्या टोकाजवळ बाजूला बारीक भोकं ठेवा, दात दोन वेण्यांमधल्या भांगात सरकवा. हवा टाळूलगत सुटते आणि पट्ट्यांमधून वर निघते. आतून बाहेर. नेहमीच्या ड्रायरच्या अगदी उलट.

अशा बारीक वाटेतून हवा ढकलायला टेबलफॅनच्या जातीचं पातं उपयोगी नाही. त्याला मोकळं मैदान लागतं. अडथळा आला की ते जागीच हवा घुसळत बसतं. इथे लोहाराच्या भट्टीला हाताने फिरवायचा गोल पंखा असायचा, तो प्रकार हवा. मधून हवा घ्यायची, चक्रात फिरवून कडेने दाबाने बाहेर टाकायची. झोपेत श्वास अडकणाऱ्यांच्या उशाशी जे यंत्र असतं त्यातही हाच पंखा असतो, आणि तो रात्रभर जवळपास आवाज न करता चालतो.

नळीने डोक्यापर्यंत हवा नेण्याची कल्पना नवी मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायका व्हॅक्यूम क्लीनरच्या मागच्या, हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाला नळी लावून केस वाळवत. पुढे मऊ टोपी आणि तिला जोडलेली नळी असे घरगुती ड्रायर आले. तशी टोपी आजही मिळते, हाताच्या ड्रायरला जोडता येते. मोकळ्या केसांना छान. वीव्हच्या तळाला मात्र तिचा उपयोग बेताचा, कारण तीही बाहेरूनच फुंकते.

उष्णता अगदीच नको असंही नाही. ते हवामानावर आहे. शिकागोच्या जानेवारीत, हीटर लावलेल्या घरात, २२ अंशांची आणि २५ टक्के आर्द्रतेची हवा असेल तर तिच्या एका घनमीटरमध्ये आणखी साधारण साडेचौदा ग्रॅम वाफेला जागा असते. अटलांटा किंवा नायजेरियातल्या लेगोसच्या दमट दिवसात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर जागा उरते साडेचार ग्रॅमची. आपल्या कोकणातला जुलै याच पंक्तीतला. तिथे हवा आठ-दहा अंशांनी कोमट केली की जागा पाच-सहा पट होते. वाफ करताना ती हवा लगेच थंडावते, त्यामुळे सगळी जागा पदरात पडत नाही, पण काम पुष्कळ हलकं होतं. टाळूला लागून सुटणारी हवा ४२-४३ अंशांच्या वर जाता कामा नये. तिथून पुढे त्वचेला चटका जाणवायला लागतो, आणि नळीचं तोंड त्वचेपासून काही मिलिमीटरवर आहे हे विसरून चालत नाही. त्याहून तापलं की आपोआप बंद पडणारा फ्यूज हवाच.

आणि पुरतं वाळलं हे ओळखायचं कसं? ओलावा मोजायचं एक जुनं, भरवशाचं यंत्र केसांचंच होतं. स्वित्झर्लंडच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी माणसाच्या केसाची लांबी ओलीने बदलते हे हेरून आर्द्रतामापक बनवला आणि १७८३ मध्ये त्यावर लिहिलं. तीच ती दोन टक्क्यांची वाढ. आज तांदळाच्या दाण्याएवढे विजेवर चालणारे संवेदक मिळतात. फणीत शिरणाऱ्या आणि पट्ट्यांमधून वर निघणाऱ्या हवेच्या वाटेत असा एकेक बसवला तर आत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा सारखीच सुकी झाली की काम संपलं, हे ते सांगू शकतील.

हे नसेल तर बोट. पण बोटही फसतं. माणसाच्या त्वचेत ओल जाणवून देणारा वेगळा मज्जातंतू नाही. गारवा आणि स्पर्श यांवरून मेंदू ओलीचा अंदाज बांधतो. ड्रायरखालून नुकतीच उठलेली कोमट वेणी म्हणून कोरडी वाटते, आणि तिथेच घाई होते. ड्रायर थंड झोतावर करायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि मग मानेच्या वर, जिथे पट्ट्या सगळ्यात दाट असतात, तिथे दोन वेण्यांच्या मधल्या रेषेत बोटाचं टोक घालून पाहायचं. गार लागलं, तर अजून पंधरा मिनिटं बसा.