पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोवर बुरशी येऊ नये म्हणून

आमच्याकडून रोपं नेणाऱ्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ग्राहकांसाठी

शेतकरी बंधू-भगिनींनो,

दिवाळी सरली आणि थंडीचा कडाका वाढला की दुकानात रोज एकच प्रश्न येतो, "भाऊ, पानावर डाग आलेत, कोणतं औषध मारू?" औषधं आम्हीच विकतो, त्यामुळे बाटली काढून देणं आम्हाला सोपं आणि फायद्याचंही आहे. पण डाग दिसला म्हणजे बुरशी पानात शिरून काही दिवस झालेले असतात. ती शिरली कशी, हे कळलं तर निम्म्या फवारण्या वाचतील. म्हणून हे पत्रक.

रात्री आत काय होतं

आपल्याकडचा हिवाळा कोरडा, मग बुरशी येईलच कशी, असं बऱ्याच जणांना वाटतं. बाहेरच्या शेतात ते बऱ्यापैकी खरं आहे, पण प्लास्टिकखालची हवा वेगळी असते. दिवसभर झाडं पानांतून पाणी सोडतात, बेड ओले असतात, आणि ती सगळी वाफ आतच कोंडते.

डिसेंबरातला एक दिवस धरा. संध्याकाळी पॉलिहाऊसच्या बाजूचे पडदे टाकताना आत 28 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता आहे. या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण साडेतेरा ग्रॅम पाणी असतं. हवा 16 अंशांपर्यंत गार झाली की तिला एवढं पाणी पेलत नाही आणि दव पडायला सुरुवात होते. पहाटे पारा 12 वर आला, तर 10 गुंठ्यांच्या आणि सरासरी 5 मीटर उंचीच्या पॉलिहाऊसमध्ये नुसत्या हवेतूनच सुमारे 14 लिटर पाणी सुटतं. म्हणजे कोणी न मारता फवारणीचा एक अख्खा पंप पाणी पानांवर, फळांवर आणि प्लास्टिकवर बसतं. रात्रभर झाडं आणि माती जी वाफ सोडतात, ती यात धरलेलीच नाही.

बहुतेक बुरश्यांना पानात शिरायला हेच पाणी लागतं. पान सलग आठ-दहा तास ओलं राहिलं की करप्याचं काम झालं.

पडद्यांची वेळ

या पत्रकातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

थंडीच्या भीतीने बरेच जण चार वाजताच पडदे टाकतात आणि सकाळी नऊ-साडेनऊला उघडतात. रोग बोलावून आणायचा याहून सोपा मार्ग नाही. चार वाजता आतली हवा दिवसभराच्या वाफेने भरलेली असते. तीच कोंडून ठेवली की रात्री तिचंच दव होतं.

उलट, दुपारची आपली बाहेरची हवा कोरडी असते. 28 अंश आणि 30 टक्के आर्द्रतेची हवा आत भरून घेतली तर ती साधारण 9 अंशांपर्यंत दव देत नाही. गाव तेच, रात्रही तीच, फक्त आत कोंडलेली हवा वेगळी. म्हणून दुपारभर पडदे पूर्ण उघडे ठेवा आणि दिवस मावळायच्या सुमारास टाका. वरचा टॉप व्हेंट, म्हणजे छपरातली हवा जायची फट, कधीच बंद करू नका. काही ठिकाणी थंडीत तिथे प्लास्टिक बांधलेलं आम्ही पाहिलं आहे. तसं केलं की ओली हवा बाहेर जायला वाटच उरत नाही.

"मग झाडं गारठतील" ही शंका रास्त आहे. रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली गेलं की टोमॅटोची फळधारणा मार खाते. पण एका थराच्या प्लास्टिकने पहाटे मिळणारी ऊब फार तर दोन-तीन अंशांची असते. तेवढ्यासाठी पडदे दोन तास आधी टाकून मिळत काही नाही.

सकाळी ऊन पडताच पडदे आधी वीतभर उघडा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पूर्ण. हवा पटकन तापते, पण भरलेलं फळ बराच वेळ गार राहतं, आणि गरम ओली हवा गार फळाला लागली की फळाला घाम फुटतो. करडी बुरशी नेमकी तिथे बसते. प्लास्टिकवरचे थेंब टपटप झाडांवर पडत असतील, तर प्लास्टिकच्या कागदाची पाणी न गळणारी बाजू आतून आहे ना, ते बसवणाऱ्याकडून तपासून घ्या. उलटा बसवलेला कागद ही दिसते तितकी दुर्मिळ गोष्ट नाही.

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. तो दाराजवळच्या खांबाला न टांगता मधल्या बेडवर, झाडाच्या उंचीला, सावलीत लावा. रात्री त्याचा आकडा 85 च्या वर तासन्‌तास राहत असेल, तर आधी पडद्यांच्या वेळा सुधारा, मग औषधाचं बघू.

रावेर-यावल पट्ट्यात पॉलिहाऊस केळीच्या बागेला खेटून असतं. केळी डोक्याच्या वर गेली की बाजूचे पडदे उघडूनही वारा लागत नाही. पुढची लागवड करताना वाऱ्याच्या बाजूला तरी केळी लांब धरा.

पाणी

ड्रीप सकाळी चालवा, संध्याकाळी नाही. यावर लगेच उत्तर येतं की शेतीची लाईट रात्रपाळीत असते. मग रात्रीच्या लाईटवर टाकी किंवा शेततळं भरून घ्या आणि सकाळी उंचावरच्या टाकीतून किंवा लहान मोटरीने ड्रीप सोडा. 10 गुंठ्यांना हे जमतं. फॉगर (धुक्यासारखे तुषार उडवणारे) असतील तर ते उन्हाळ्यासाठी आहेत, थंडीत त्यांना हात लावू नका. गळणारे लॅटरल (ड्रीपच्या बारीक नळ्या) आणि सांधे आठवड्याला बघा. बेडवर मल्चिंग पेपर (माती झाकणारं प्लास्टिक) असला की मातीची वाफ तर अडतेच, शिवाय मातीतली बुरशी शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर उडत नाही.

खालची पानं

पहिल्या घडाची फळं रंगायला लागली की त्याखालची पानं काढून टाका. खालून हवा खेळली पाहिजे. काढताना पान वर उचलून सांध्यातून मोडा. दांडीचा बोटभर खुंट खोडावर राहिला की तो सुकायच्या आधी सडतो, करडी बुरशी त्यातून खोडात उतरते आणि महिनाभराने वरचं अख्खं झाड माना टाकतं. अशा झाडाच्या खोडावर खुंटाभोवती तपकिरी पट्टा आणि त्यावर राखेसारखी लव दिसते.

हे काम उघडीप असलेल्या दिवशी सकाळी दव सुकल्यावर करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत जखम कोरडी होते. काढलेली पानं गल्लीत टाकू नका. पोत्यात भरून बाहेर न्या आणि पुरा. दाराशीच ढीग घालणार असाल, तर पानं काढली काय आणि न काढली काय.

कोणता रोग, कसा ओळखायचा

*लवकर येणारा करपा* खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. तपकिरी डागात एकात एक गोल वलयं दिसतात. त्याला 24 ते 29 अंशांची ऊब आवडते.

*उशिरा येणारा करपा* सगळ्यात घातकी. थंड, ढगाळ आणि धुईच्या दिवसांत पानाच्या कडेला उकडल्यासारखा ओलसर काळपट डाग पडतो आणि पहाटे त्याच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते. चार-सहा दिवसांत प्लॉट जातो. शास्त्राप्रमाणे ही खरी बुरशी नाही, म्हणून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तिच्यावर काहीच करत नाही. लवकर येणाऱ्या करप्यावरही ते चालत नाही. तरीही करपा म्हटलं की सर्रास तेच मागितलं जातं.

*पानावरची मखमली बुरशी* खास पॉलिहाऊसचा रोग. पानाच्या वर फिकट पिवळे ठिपके, आणि पान उलटलं की त्याच जागी शेवाळी-तपकिरी मखमल. वरून पाहणाऱ्याला हे खताची कमतरता वाटते आणि तो मायक्रोन्यूट्रियंट मारत बसतो. पान उलटून बघायची सवय लावा.

*भुरी*, म्हणजे पानावरची पांढरी पूड, मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे. तिला पानावर पाणी लागत नाही, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेतही ती येते. गंधक तिच्यावर चांगलं काम करतं, पण आपल्याकडे तेव्हा दुपारी पारा सहज 35 च्या पुढे असतो आणि 32 अंशांच्या वर गंधक पानं जाळतं. मारायचंच तर थंड वेळ बघून मारा.

औषधांबद्दल थोडकं

मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड ही स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहणारी) औषधं रोग यायच्या आधी कामाची असतात. सलग दोन-तीन दिवस ढग किंवा धुई दिसली की तेव्हाच मारा आणि पानाची खालची बाजू ओली करा. अॅझॉक्सिस्ट्रॉबिनसारखं आंतरप्रवाही (पानात शिरणारं) औषध लागोपाठ मारू नका. मधे दुसऱ्या गटाचं घ्या, नाहीतर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. नाव वेगळं असलं तरी गट तोच असू शकतो, म्हणून आधीची रिकामी पाकिटं आम्हाला दाखवा. प्रमाण आणि तोडणीआधी थांबायचे दिवस लेबलवर छापलेले असतात. ते आमच्या सांगण्यापेक्षाही वरचे.

मातीतल्या रोगाच्या बुरशीला रोखणारी ट्रायकोडर्मा हीच मुळी एक बुरशी आहे. कुजलेल्या शेणखतात वाढवून बेडमध्ये घाला, पण त्याच आठवड्यात वरून कॉपर किंवा दुसऱ्या बुरशीनाशकाची आळवणी (बुंध्याशी ओतणं) करू नका. पैसे देऊन आणलेलं पैसे देऊनच मारल्यासारखं होईल.

उन्हाळ्यात रिकामं पॉलिहाऊस

मर रोगाची, म्हणजे उभं झाड सुकवणाऱ्या रोगाची, बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि पीक उभं असताना तिच्यावर खात्रीचा इलाज नाही. पण आपल्याकडे एप्रिल-मे आहे! पीक निघाल्यावर बेड मोकळे करा, भरपूर ओलवा, त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक नको, त्याखालची माती तेवढी तापत नाही. जमिनीत ओल हवी, कोरड्या मातीत बुरशी ऊन सोसते. नाशिक-पुण्याकडच्या थंड पट्ट्यांपेक्षा हे काम भुसावळच्या उन्हात चांगलं होतं. आपल्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्या.

नमुना आणताना

रोग ओळखता येत नसेल तर डागाळलेली तीन-चार पानं आणा. सगळी सुकलेली नकोत, नुकता डाग पडलेलीही हवीत. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत पानं घामेजून सडतात आणि दुकानात पोचेपर्यंत त्यांच्यावर भलतीच बुरशी चढते. झाड सुकत असेल तर मुळासकट आणा. आम्हाला खात्री वाटली नाही तर जळगावच्या ग्राहकांना ममुराबादच्या, धुळे-नंदुरबारकरांना आपापल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवू. तिकडे जाताना तोच नमुना, आणि लागवडीची तारीख व आतापर्यंत मारलेल्या औषधांची यादी लिहून न्या.