प्रभाकर बरवे : शिक्षण आणि जडणघडण

बरवे, प्रभाकर (१९३६–१९९५). आधुनिक भारतीय चित्रकार. जन्म अलिबागजवळच्या नागावचा. कला घरातच होती : शिल्पकार वि. पां. करमरकर हे नात्याने आजोबा, तर वडील मुंबईत चित्रपटाच्या स्टुडिओत कलाकाम करीत.

१९५४ ते १९५९ या काळात बरवे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. शंकर पळशीकर तेव्हा तिथे शिकवत होते. विद्यार्थिदशेतल्या बरव्यांवर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव दिसतो. क्लेची नक्कल त्यांनी केली असे म्हणता येत नाही. पण वस्तूला खुणेसारखे, अक्षरासारखे वापरण्याची ओढ त्यांच्यात तेव्हापासूनची आहे.

खरी शाळा मात्र नोकरीत भेटली. विणकर सेवा केंद्र ही हातमागाला नवे नमुने पुरवणारी सरकारी यंत्रणा. तिथे चित्रकारांना नेमत; अंबादास, गौतम वाघेला हेही त्याच वाटेने गेले. बरवे १९६१ मध्ये वाराणसीच्या केंद्रात रुजू झाले आणि १९६५ पर्यंत तिथे राहिले. मागावर चढणारी आकृती चौकटींच्या कागदावर घर मोजून भरावी लागते. तिथे छायाप्रकाशाचा किंवा खोलीचा आभास कामाचा नाही. आकार सपाट हवा, त्याची कड स्वच्छ हवी, आणि दोन आकारांमधली मोकळी जागाही नमुन्याचाच भाग असते. पुढच्या त्यांच्या चित्रांत पान, शिंपला, घड्याळ, किल्ली अशा वस्तू रिकाम्या अवकाशात सुट्या सुट्या तरंगतात. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेला तेवढेच वजन आहे, आणि ही सवय मागावरची असावी.

वाराणसीतच त्यांना तंत्रसाधनेतल्या प्रतिमा आणि यंत्राकृती, म्हणजे त्या साधनेतल्या भौमितिक आकृत्या, भेटल्या. साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत आणि चिकटचित्रांत (कोलाज) या खुणा उघड दिसतात. त्यावरून समीक्षकांनी त्यांना ‘नवतांत्रिक’ म्हटले. त्यांच्या पुढच्या कामाला हे लेबल तोकडे पडते, कारण तंत्रातले बिंदू-त्रिकोण मागे पडले आणि त्या जागी टेबलावर, खिशात सापडणाऱ्या वस्तू आल्या.

रंगाची निवडही अशीच बाजारातली. तैलरंगाऐवजी ते बरेचदा एनॅमल वापरत, म्हणजे दारे-खिडक्यांना आणि लोखंडी कपाटांना लावतात तोच डबाबंद रंग. तो आपणहून पसरतो, सपाट होतो, वाळला की चकाकतो आणि कुंचल्याची खूण सहसा ठेवत नाही. पृष्ठभाग उभा असला तर ओघळतो, त्यामुळे हात आवरून काम करावे लागते. चित्रकाराच्या हाताची ओळख पुसणारे हे माध्यम बरव्यांच्या थंड, काहीशा कोड्यासारख्या चित्रांना चपखल बसले.

वाराणसीनंतर ते मुंबईच्या केंद्रात काम करू लागले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही नोकरी चालू होती. चित्रे उरलेल्या वेळात होत.

मराठी वाचकाला बरवे आणखी एका दाराने भेटतात. आपल्याकडे चित्रकार लिहीत नाहीत, ही तक्रार जुनी. बरवे मात्र वर्षानुवर्षे टिपणवह्या लिहीत होते : एकीकडे पेन्सिलीची रेखाटने, शेजारी आकार आणि अवकाश यांवरचे विचार. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्यांचे पुस्तक वाचताना ते मुद्दा नमुन्यासारखा घराघराने भरत नेतात असे वाटते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनात चित्रांबरोबर या वह्याही मांडल्या होत्या.