पार्श्वभूमी : डाउनटाउनच्या पुनरुज्जीवनात रहिवाशांना जागा कशी मिळाली

शहराच्या जुन्या मध्यभागात, म्हणजे डाउनटाउनमध्ये, पुन्हा जीव ओतायचं ठरलं की आज आधी रहिवाशांची बैठक बोलावली जाते. भिंतीवर नकाशे लागतात, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या जातात, ‘तुम्हाला इथे काय हवंय?’ असं विचारलं जातं. ही रीत इतकी रुळली आहे की ती पहिल्यापासूनच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती फार जुनी नाही आणि कुणा अधिकाऱ्याच्या उदारपणातून तर मुळीच आलेली नाही. अमेरिकेत, जिथे डाउनटाउन या कल्पनेचं घर आहे तिथे, आधी वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. ‘आम्हाला का नाही विचारलं?’ हा प्रश्न त्यानंतर आला, आणि त्याचं उत्तर मिळवायला लोकांना बरंच भांडावं लागलं.

डाउनटाउन ओस पडू लागली ती आपोआप नव्हे. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले आणि ‘धोक्याच्या’ वस्त्यांना लाल रंग दिला. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल झाल्या. १९३४ पासून सरकार गृहकर्जांना हमी देऊ लागलं, तेव्हा त्या हमीचा ओघही उपनगरांतल्या नव्या घरांकडेच वळला. १९५६ मध्ये महामार्गांचा कायदा आला. ४१,००० मैलांचं जाळं आणि ९० टक्के खर्च केंद्राचा, असा तो प्रकार होता. शहरांच्या पोटातून रस्ते गेले आणि त्याच रस्त्यांनी माणसं, दुकानं, कर भरणारे, सगळे बाहेर निघाले. त्याच वर्षी मिनिआपोलिसजवळच्या इडायना गावात साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन. गंमत अशी की पुढे मरगळलेली डाउनटाउन सावरायलाही शहरांनी त्यांनाच बोलावलं. १९५९ मध्ये कॅलमझू शहराने मुख्य बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद करून पादचाऱ्यांना दिला, तो ग्रूएन यांच्याच आराखड्यावरून.

सरकारकडे या दुखण्यावर एकच औषध होतं, पाडापाडी. १९४९च्या गृहनिर्माण कायद्यानुसार झोपडपट्टी किंवा ‘रोगट’ ठरवलेला भाग पालिकेने संपादित करायचा, मोकळा करायचा आणि बिल्डरला स्वस्तात द्यायचा. यात येणाऱ्या तोट्याचा दोन तृतीयांश भाग केंद्र सोसणार होतं. वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागात एका दुकानदाराने याला आव्हान दिलं. माझं दुकान धडधाकट आहे, ते पाडून जमीन दुसऱ्या खासगी माणसाला का देता, असा त्याचा साधा प्रश्न होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. वस्तीचा विचार एकत्रच करायचा, एकेका इमारतीचा नाही, असं ठरलं. मग बुलडोझरला अडवणारं कुणी उरलं नाही.

बॉस्टनच्या वेस्ट एंडमध्ये याचा अर्थ काय झाला ते पाहण्यासारखं आहे. इटालियन, ज्यू, पोलिश कष्टकऱ्यांची ही दाट वस्ती. भाडी कमी, घरं जुनी, पण सगळे एकमेकांना ओळखणारे. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स पाडापाडीच्या तोंडावर तिथे जाऊन राहिले होते. त्यांच्या लक्षात आलं की वस्ती जाणार हे बहुतेकांना शेवटपर्यंत खरंच वाटत नव्हतं. विरोध करणारी एक समिती होती, पण लहान. १९५८ ते १९६० या काळात जवळपास सगळं पाडून झालं. त्या जागी उंच, महागड्या इमारती उभ्या राहिल्या. पुढे तिथे शेजारच्या हमरस्त्यावर, गर्दीत अडकलेल्या वाहनचालकांसाठी एक पाटी लागली, ‘इथे राहत असता तर एव्हाना घरी पोचला असता.’ ज्यांची घरं तिथे होती त्यांनी ही पाटी कशी वाचली असेल, याचा विचार जाहिरातदाराने केला नसावा.

कायद्यात लोकांना स्थान नव्हतं असं मात्र नाही. १९५४च्या दुरुस्तीने नागरिकांचा सहभाग ही अनुदानाची अटच करून टाकली. पण ती पुरी कशी करायची? महापौरांनी एक सल्लागार समिती नेमायची. त्यात बँकवाले, व्यापारी, एखादा धर्मगुरू, एखादा प्राध्यापक. ज्यांचं घर पाडायचं तो भाडेकरू शक्यतो त्यात नसायचा. समितीने मान डोलावली की कागद पुरा झाला. सहभाग असा कागदावर आधी आला, आणि अधिकार येईपर्यंत पुढे बराच काळ गेला.

विरोधाच्या कथेत लेखिका आणि कार्यकर्त्या जेन जेकब्ज यांचं नाव सगळेच घेतात, आणि ते योग्यच आहे. न्यूयॉर्कमध्ये खालच्या मॅनहॅटनमधून जाऊ घातलेला द्रुतगती मार्ग रोखण्यात त्या पुढे होत्या. १९६८च्या एका जनसुनावणीत त्यांना अटकही झाली. पण सगळं श्रेय एकीला दिलं की हे सगळीकडेच पेटलं होतं ही गोष्ट झाकली जाते. शिवाय ‘नको’ म्हणणं आणि ‘मग काय हवं’ हे ठरवणं यांत फरक आहे. दुसरं जास्त अवघड.

सिॲटलने ते मतपेटीतून केलं. तिथला पाइक प्लेस बाजार १९०७ पासूनचा. शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला माल विकायचा, ही त्याची मूळ कल्पना. १९६३ मध्ये तो पाडून कार्यालयं, हॉटेल आणि वाहनतळ उभारण्याचा बेत पुढे आला. वास्तुविशारद व्हिक्टर स्टाइनब्रुक आणि त्यांच्या साथीदारांनी ‘फ्रेंड्स ऑफ द मार्केट’ ही संघटना काढली, सह्या गोळा केल्या आणि प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. २ नोव्हेंबर १९७१ रोजी सिॲटलकरांनी बाजाराच्या बाजूने कौल दिला. सात एकरांचा भाग वारसा क्षेत्र झाला आणि १९७३ मध्ये तो चालवायला सार्वजनिक प्राधिकरण नेमलं गेलं. नुसत्या इमारती वाचवून हे लोक थांबले नाहीत, ही त्यातली मोलाची गोष्ट. तिथे कोणता धंदा चालावा यावरही नियम आले. गाळा जुना आणि आत साखळी दुकान, असं झालं असतं तर बाजार वाचूनही मेला असता.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये भाषा बदलली होती. १९६४च्या दारिद्र्यविरोधी कायद्यात गरिबांचा ‘शक्य तितका जास्तीत जास्त’ सहभाग हवा असं लिहिलं गेलं, आणि शहरांतल्या गरीब वस्त्या सुधारण्यासाठीच्या १९६६च्या मॉडेल सिटीज योजनेतही सहभागाची अट आली. महापौर हादरले, कारण आता पैसा त्यांच्या हाताबाहेर जाण्याची भीती होती. शेरी आर्नस्टाइन या योजनेत नागरिक सहभागाच्या मुख्य सल्लागार होत्या. त्यांनी १९६९ मध्ये एका लेखात आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना झुलवणं, वर माहिती देणं, सल्ला घेणं, मग भागीदारी आणि शेवटी नागरिकांच्या हाती नियंत्रण. लेखासोबत फ्रान्सच्या विद्यार्थ्यांचं एक भित्तिपत्रक होतं. त्यावर व्याकरणाच्या तक्त्यासारखं लिहिलेलं : मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, तो सहभागी होतो, आम्ही सहभागी होतो, तुम्ही सहभागी होता, ते नफा कमावतात. आजही एखादी बैठक शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे हे ओळखायला या एका ओळीइतकं सोपं साधन नाही.

पैशाचा प्रश्न मात्र शिडीने सुटत नव्हता. लाल रंगवलेल्या वस्तीत बँक कर्जच देणार नसेल तर गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार? पिट्सबर्गच्या नॉर्थ साइडमधल्या डोरोथी मे रिचर्डसन या गृहिणीने तो धसाला लावला. वस्ती पाडू नका, ती दुरुस्त करायला कर्ज द्या, एवढीच मागणी. १९६८ मध्ये रहिवासी, बँका आणि पालिका यांना एकत्र बसवणारी संस्था उभी राहिली आणि तिथे फिरता कर्जनिधी जमला. पुढे शिकागोच्या गेल सिन्कोटा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हाच मुद्दा देशभर नेला. त्यातून १९७५ मध्ये बँकांनी कुठे किती गृहकर्जं दिली ते जाहीर करण्याचा कायदा झाला, आणि १९७७ मध्ये जिथून ठेवी घेता तिथल्या लोकांची कर्जाची गरजही भागवा असं सांगणारा. माझ्या मते पुनरुज्जीवनाच्या इतिहासात या दोन कायद्यांचं वजन कुठल्याही सुंदर आराखड्यापेक्षा जास्त आहे. त्यांची छायाचित्रं निघत नाहीत, म्हणून ते मागे पडतात.

१९७४ मध्ये जुनी पाडापाडीची योजना गुंडाळली गेली. छोट्या शहरांत तोवर वेगळं काही सुरू होऊ घातलं होतं. वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने १९७७ मध्ये इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन आणि साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज इथे ‘मेन स्ट्रीट’चा, म्हणजे गावाचा मुख्य बाजाररस्ता सावरण्याचा, प्रयोग केला. प्रत्येक ठिकाणी पूर्ण वेळ एक व्यवस्थापक, आणि दुकानदार-रहिवाशांच्या समित्या. दर्शनी भागावर ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे काढून खालची जुनी वीट उघडी करायची, बंद गाळ्यांना भाडेकरू शोधायचे, उत्सव भरवायचे. १९८० मध्ये यासाठी राष्ट्रीय केंद्र झालं आणि पद्धत शेकडो गावांत गेली. ही चळवळ मवाळ होती, दुकानदारांच्या कलाने चालणारी. तिने कुणाला जागेवरून उठवलं नाही, पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला खास आवाजही दिला नाही.

त्याच सुमारास डाउनटाउनमधल्या मालमत्ताधारकांनी स्वतःवर जादा आकार बसवून सफाई-सुरक्षा चालवण्याची पद्धतही पसरली. टोरंटोत १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेजने तिची सुरुवात केली होती. रस्ते चकचकीत झाले हे खरं. पण इथे कारभाराची सूत्रं मुख्यतः मालमत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांच्या हाती.

पुन्हा बॉस्टन. वेस्ट एंडचा धडा शहर विसरलं नव्हतं. एप्रिल १९६८ मध्ये साउथ एंडमधल्या एका वाहनतळावर कार्यकर्ते मेल किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबू ठोकले. तिथली घरं पाडली गेली होती आणि जागेवर गाड्या उभ्या राहत होत्या. त्याच जागेवर १९८८ मध्ये ‘टेंट सिटी’ नावाचीच २६९ घरांची वसाहत उघडली. चौथा हिस्सा घरं गरिबांसाठी, अर्धी मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी आणि उरलेली बाजारभावाने. तंबूपासून किल्लीपर्यंत वीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवावं.

तिथून जवळच, डाउनटाउनपासून दोन-अडीच मैलांच्या आत, रॉक्सबरीतला डडली स्ट्रीटचा भाग आहे. १९८०च्या सुमारास तिथे सुमारे १,३०० भूखंड रिकामे पडले होते. कित्येक घरं जळालेली, काही विम्याच्या पैशासाठी मुद्दाम जाळलेली, आणि रात्री बाहेरचे ट्रक येऊन राडारोडा टाकून जायचे. १९८४ मध्ये एका धर्मादाय न्यासाने आणि तिथल्या सेवासंस्थांनी वस्तीसाठी संघटना उभारायला पुढाकार घेतला. चांगला हेतू, तयार आराखडा, आणि मंडळात रहिवाशांना मोजक्याच जागा. १९८५च्या आरंभी ही रचना रहिवाशांपुढे ठेवली, तेव्हा लोक भडकले. तुमच्यापैकी इथे राहतं कोण, असा थेट सवाल झाला. न्यासाच्या मंडळींचं कौतुक एवढ्यासाठी की ते रुसून निघून गेले नाहीत. रचना बदलली, मंडळात रहिवाशांचं बहुमत झालं, आणि वस्तीतल्या चार मुख्य गटांना, म्हणजे कृष्णवर्णीय, केप व्हर्डियन, लॅटिनो आणि गोरे यांना, लोकसंख्या कमीजास्त असूनही समान जागा मिळाल्या.

पहिली मोहीम घरांची नव्हती, कचऱ्याची होती. घोषणा होती, ‘आमच्यावर कचरा टाकू नका!’ बेकायदा कचराकेंद्रं बंद करायला पालिकेला भाग पाडलं, आणि आपण काही घडवू शकतो हे लोकांच्या ध्यानात आलं. मग जमिनीचा प्रश्न आला. रिकामे तुकडे विखुरलेले, मालक कुठेतरी परगावी. १९८८ मध्ये संघटनेने शहराकडून चक्क सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार मिळवला, एका ठरावीक त्रिकोणी भागातल्या फक्त रिकाम्या जमिनीपुरता. वेस्ट एंड ज्याने पुसलं तेच हत्यार आता तीस वर्षांनी रहिवाशांच्या हाती होतं. जमीन सामुदायिक न्यासाकडे राहते, घर कुटुंबाच्या मालकीचं होतं, जमिनीचा भाडेपट्टा ९९ वर्षांचा, आणि घर विकताना किमतीवर मर्यादा. त्यामुळे वस्ती सुधारली म्हणून तिथल्याच माणसाला बाहेर पडावं लागत नाही.

ही शेवटची भीती आता सगळ्या पुनरुज्जीवनावर सावट धरून असते. रस्ता सुधारतो, भाडी चढतात, आणि ज्यांनी पडत्या काळात वस्ती धरून ठेवली तेच आधी जातात. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहाभोवती हॉटेल-करमणुकीचं संकुल यायचं होतं. तेव्हा भाडेकरू, कामगार संघटना आणि इतर गटांच्या आघाडीने २००१ मध्ये बिल्डरशी थेट करार केला. २० टक्के घरं परवडणारी, ७० टक्के नोकऱ्या जगण्यापुरत्या वेतनाच्या ठेवण्याचं लक्ष्य, उद्यानांसाठी दहा लाख डॉलर, आणि सामन्याच्या रात्री आपल्याच गल्लीत गाडी लावता यावी म्हणून रहिवाशांना परवाने. बिल्डर कबूल झाला, कारण मंजुरीसाठी त्याला विरोध परवडणारा नव्हता.

या कराराची नक्कल झपाट्याने झाली आणि नक्कल करताना दात काढून घेतले गेले. ब्रुकलिनमधल्या अटलांटिक यार्ड्स या बांधकाम प्रकल्पासाठी २००५ मध्ये असाच करार झाला, पण सह्या करणाऱ्यांतल्या एका संघटनेला बिल्डरकडूनच पैसे मिळत होते. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला स्वतंत्र निरीक्षक नेमायचं कलम होतं. तो नेमलाच गेला नाही. डेट्रॉइटने २०१६ मध्ये मतदानातून असे करार कायद्यातच आणले. मतपत्रिकेवर दोन मसुदे होते. १.५ कोटी डॉलरपासूनच्या प्रकल्पांना लागू होणारा कडक मसुदा पडला, ७.५ कोटींपासूनचा मवाळ जिंकला. त्यात प्रत्येक प्रकल्पामागे नऊ जणांची वस्ती सल्लागार परिषद आहे. चार सदस्य शहराचे नियोजन संचालक नेमतात, तीन नगरसेवक नेमतात. रहिवासी स्वतः निवडतात ते दोन.