सरकारी इंटेलिजन्समधून कॉर्पोरेट 'सीआय'मध्ये: ही वाट पडली कशी

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत मी 'हेर' म्हणून फेमस आहे. ऐरोलीला एका कन्सल्टिंग कंपनीत कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्सच्या (सीआय, म्हणजे क्लायंटसाठी त्याच्या स्पर्धकांची आणि बाजाराची माहिती जुळवायची) टीमवर आहे एवढं कळलं की लोक आवाज खाली करून बोलायला लागतात, आणि माझा दिवस तर एक्सेल आणि पीडीएफमध्ये जातो. पण लोकांचं अगदीच चुकतं असंही नाही, कारण माझे पहिले बॉस खरोखरच सरकारी इंटेलिजन्समधून रिटायर होऊन आलेले. आयबीच्या (इंटेलिजन्स ब्युरो, देशातली सरकारी गुप्तवार्ता संस्था) एसीआयओ, म्हणजे अधिकारी भरतीच्या, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरंही मला हेच विचारतात, की नंतर प्रायव्हेटला स्कोप आहे का. म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

या विषयावर बोलायचं तर बहिर्जी नाईकांपासून सुरुवात करायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि वक्त्याला थोडं संस्कृत येत असेल तर कौटिल्यापासून, ज्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या वेषातल्या हेराला 'वैदेहक' असं वेगळं नावच आहे. ऐकायला भारी वाटतं, पण आजच्या नोकरीचा धागा तिथून येत नाही. तो येतो ब्रिटिशांच्या फायलींतून आणि मग अमेरिकेतून.

१८८७ मध्ये ब्रिटिशांनी सेंट्रल स्पेशल ब्रँच काढली, आजच्या आयबीचं मूळ ते, आणि इंटेलिजन्स ब्युरो हे नाव आलं १९२० मध्ये. १९६२ चं चीन आणि १९६५ चं पाकिस्तान या दोन्ही युद्धांत बाहेरची माहिती कमी पडली म्हणून सप्टेंबर १९६८ मध्ये परदेशाचं काम आयबीतून वेगळं काढून रॉ झाली, पहिले प्रमुख रामनाथ काव. सिनेमात काहीही दाखवोत, तिथल्या बऱ्याच लोकांचं काम म्हणजे चार ठिकाणची कच्ची माहिती जुळवायची, कुठल्या सोर्सवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं आणि वरच्या साहेबाला थोडक्यात सांगायचं. कंपन्यांना नंतर हवं झालं ते हेच.

अमेरिकेत ते आधी झालं. मोटोरोलाचे बॉब गॅल्विन राष्ट्राध्यक्षांच्या परदेशी गुप्तवार्ता सल्लागार मंडळावर बसून आलेले, त्यामुळे सरकार माहिती कशी वापरतं ते त्यांनी आतून बघितलेलं, आणि इकडे जपानी कंपन्या त्यांचा धंदा खात होत्या. मग १९८० च्या दशकात त्यांनी जॅन हेरिंग नावाचा सीआयएचा जुना माणूस आणून कंपनीत इंटेलिजन्सचं डिपार्टमेंटच उभं केलं. हेरिंगने सरकारातून उचललेली खरी गोष्ट म्हणजे 'की इंटेलिजन्स टॉपिक्स', म्हणजे माहिती गोळा करायच्या आधी साहेबाला विचारायचं की तुम्हाला ठरवायचं काय आहे. १९८६ मध्ये या लोकांची व्यावसायिक संघटनाही निघाली. आमचे बॉस हेरिंगचं नाव कधी घ्यायचे नाहीत पण रिपोर्ट हातात दिला की त्यांचा एकच प्रश्न, "हे कळून क्लायंट काय वेगळं करणार?" उत्तर नसेल तर रिपोर्ट परत.

आपल्याकडे हे उशिरा आलं आणि माझ्या मते त्याचं कारण लायसन्स राज. लायसन्स कोणाला, कोटा किती, इम्पोर्टची परवानगी मिळणार का, सगळं दिल्लीतल्या फायलीत, मग कंपनीला बाजार वाचायची गरजच काय, फायलीजवळ बसणारा माणूस ओळखीचा पाहिजे. याचं टोक म्हणजे जानेवारी १९८५ मध्ये उघडं पडलेलं कुमार नारायण प्रकरण. एका खासगी कंपनीचा दिल्लीतला माणूस, आणि थेट पंतप्रधान कार्यालयापर्यंतचे पीए-स्टेनो त्याला कागद पुरवत होते, त्याच्या कॉपी निघून परदेशी वकिलातींत जात होत्या. १९९१ नंतर परवाने सुटले, स्पर्धा आली, आणि माहिती दिल्लीतून निघून देशभर विखुरली. पण जिथे निर्णय अजून मंत्रालयातच होतात तिथे जुनी सवय सुटली नाही, फेब्रुवारी २०१५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाचे कागद फुटले तेव्हा कंपन्यांचे अधिकारी अटकेत गेलेच.

विखुरलेली म्हणजे कशी ते आमच्या ठाणे-बेलापूर रोडवर बघा. इथल्या एखाद्या केमिकल कंपनीला प्लँट वाढवायचा असला की २००६ च्या ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या) नोटिफिकेशनप्रमाणे पर्यावरण मंजुरीचा अर्ज करावा लागतो, त्यात कुठलं प्रॉडक्ट, किती टन, सगळं लिहिलेलं, आणि तो अर्ज सरकारी पोर्टलवर कोणीही वाचू शकतो. कंपनीने बँकेकडे काय गहाण ठेवलं ते कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर १०० रुपये भरून दिसतं. एवढं जुळवलं तरी अर्धं चित्र तयार होतं, उरलेलं डिस्ट्रिब्यूटर आणि ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलून, आणि बोलताना आपण कोण ते खरं सांगून. न्हावा-शेवाचा कस्टम्स डेटा पूर्वी आमचा आवडता होता, कोणी काय भावाने मागवलं ते कळायचं. २०२२ मध्ये कस्टम्स कायद्यात कलम १३५एए आलं, असा डेटा छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेव्हापासून आम्ही त्याला हात लावत नाही.

हात लावणारे असतात. २०१८ च्या सुरुवातीला आमच्याच ठाणे पोलिसांनी मोबाईलचे कॉल रेकॉर्ड, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला त्या याद्या, बेकायदा विकणारं रॅकेट पकडलं, त्यात खासगी डिटेक्टिव्ह अडकले. डिटेक्टिव्ह एजन्सींना लायसन्स लावणारं बिल २००७ मध्ये संसदेत आलं होतं पण कायदा काही झाला नाही. ट्रेड सीक्रेटचा, म्हणजे कंपनीच्या धंद्यातल्या गुपितांचा, वेगळा कायदा असावा असं लॉ कमिशनने मार्च २०२४ मध्ये सुचवलं, तोवर सगळं कॉन्ट्रॅक्ट आणि कोर्टावर. सरकारातून आलेल्या माणसाला इथेच सांभाळावं लागतं, कारण क्लायंटला कधीकधी त्याची मेथड नको असते, त्याचे जुने फोन नंबर हवे असतात.

म्हणून तर नियम आहेत. केंद्राच्या ग्रुप ए, म्हणजे वरच्या दर्जाच्या, अधिकाऱ्याला रिटायर झाल्यावर वर्षभराच्या आत अशी खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते, आणि २०२१ पासून इंटेलिजन्सवाल्यांना आपल्या खात्याच्या कामाबद्दल काही छापायचं तरी आधी विचारावं लागतं. आमच्या बॉसनी तर तोंडीसुद्धा कधी काही सांगितलं नाही. फेअरवेलला आम्ही फार मागे लागलो, एक तरी किस्सा होऊन जाऊ दे सर, तर ते बेलापूरच्या दिवाळे गावात सुरमई काय भावाने मिळते, ठाण्यात काय भावाने, आणि मधले पैसे कोणाच्या खिशात जातात यावर वीस मिनिटं बोलले आणि घरी गेले.