मेल्या पेशीचं सोंग

काँगोतून इबोलाची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर निरोप फिरू लागतात : मास्क तयार ठेवा. करोनानंतर प्रत्येक विषाणू हवेतूनच येतो, असं आपल्या मनात बसलंय. इबोला तसा येत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब यांचा थेट संपर्क व्हावा लागतो, आणि लक्षणं दिसण्याआधी रुग्णाकडून लागण होत नाही. १९७६ साली झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) यांबुकूच्या मिशन रुग्णालयात तो सुयांमधून पसरला. बाह्यरुग्ण विभागाला रोज सकाळी ५ सिरिंजा मिळत. त्याच नुसत्या कोमट पाण्यात खळबळून पुढच्याला टोचत. ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले.

पण तो पेशीत शिरतो कसा, ते एकदा कळलं की डोक्यातून जात नाही. पेशीच्या पडद्यात फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. जिवंत पेशी तो आतल्या अंगाला राखते. पेशी मरायला टेकली की तो बाहेर येतो, आणि भक्षक पेशींना कळतं : ही गेली, उचला. इबोला बाहेर पडताना यजमान पेशीच्याच पडद्याचा तुकडा पांघरून निघतो, आणि हा पदार्थ त्याच्या बाहेरच्या अंगावर असतो. भक्षक पेशी त्याला मेल्या पेशीचा तुकडा समजून आपणच गिळते! आतल्या पिशवीत पचनाची विकरं त्याच्या अंगावरच्या ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाचा वरचा भाग छाटतात. छाटल्यामुळे त्याची लपलेली खाच उघडी पडते, ती पिशवीच्या भिंतीतल्या एनपीसी१ या प्रथिनाला जाऊन चिकटते, दोन्ही पडदे एकजीव होतात आणि विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, पेशीत उतरतो. एनपीसी१चं खरं काम कोलेस्टेरॉलची ने-आण. नीमन-पिक सी या आजारात ते जन्मतः बिघडलेलं असतं. अशा रुग्णांच्या पेशींना प्रयोगशाळेत इबोलाची लागण होत नाही, हे २०११ साली दिसलं.

हा उसना पडदा चरबीचा, म्हणून साबणापुढे तो टिकत नाही. २०१४ साली इबोलाच्या साथीत लायबेरियात दुकानांच्या दारात तोटीच्या बादल्या आल्या. हातांसाठी ०.०५ टक्के क्लोरिनचं पाणी, सांडलेल्या रक्त-उलटीसाठी दसपट तीव्र. त्याच वर्षी नायजेरियात मिठाचं पाणी पिऊन इबोला टळतो अशी अफवा उठली आणि ते पिऊन माणसं मेली. आपल्याकडे करोनात गोमूत्र पाजणारे होतेच. असले उपाय सांगणाऱ्यांना तोंडावर खोटं म्हटलं पाहिजे.

नायजेरियात लस नसताना साथ २० रुग्णांवर थांबली. संपर्कातल्या सुमारे ९०० जणांच्या दारी आरोग्यसेवक रोज जात, २१ दिवस ताप मोजत. आता लस आहे, पण ती फक्त झाईर जातीच्या इबोलावर.

सगळ्यात अवघड होतं ते मृतदेहाचं. मरणाच्या वेळी अंगात विषाणू सर्वाधिक असतो, आणि गिनी, सिएरा लिओनमध्ये आप्तांनी प्रेताला हाताने आंघोळ घालायची रीत. पांढऱ्या पोशाखातली पथकं देह उचलून न्यायला लागली, तेव्हा घरच्यांनी देह लपवले. पुढे पथकांनी पद्धत बदलली : घरच्यांना विचारलं, थोडं लांब उभं राहून प्रार्थना करू दिली, कबर दाखवली. मग लोक स्वतःहून पथकांना बोलावू लागले.