उणे अडीच : हाडांच्या घनतेची एक रेघ कुठून आली

ऑस्टिओपोरोसिसचे (हाडे विरळ होऊन सहज मोडण्याच्या आजाराचे) निदान झालेल्या माणसाच्या हातात वर्षा-दोन वर्षांनी डेक्साचा, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा देणाऱ्या क्ष-किरण तपासणीचा, नवा रिपोर्ट पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : घनता वाढली का? हा प्रश्न जेमतेम चार दशकांचा आहे. त्याआधी विचारण्याजोगा आकडाच नव्हता. आजी न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, अंथरुणाला खिळली आणि चार महिन्यांत गेली, तर लोक ‘पडल्याचं निमित्त झालं’ एवढेच म्हणत. साध्या एक्स-रेत हाड विरळ दिसू लागे, तोवर त्यातला जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असे.

रोगाचे नाव एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच विकृतिशास्त्राने दिले. पाळी जाणे आणि मणके दबणे यांचा संबंध १९४१मध्ये अमेरिकेत मांडला गेला आणि पुढची अनेक वर्षे इस्ट्रोजेन हाच मुख्य उपाय राहिला. १९८४च्या एका अमेरिकी परिषदेने त्याला कॅल्शियमची जोड दिली. कॅल्शियमच्या गोळ्यांचा जो सुकाळ आपण पाहतो, त्याचे एक मूळ तिथे आहे. खरी कलाटणी मिळाली ती १९८७च्या आसपास डेक्सा यंत्र बाजारात आल्यावर. थोड्या मिनिटांत, अगदी कमी किरणोत्सारात, कंबर आणि खुब्याचा आकडा हाती येऊ लागला.

आकडा आला तसा तो वाढवण्याचा ध्यास आला, आणि त्याला पहिला तडाखाही लगेच बसला. सोडियम फ्लोराइड दिले की हाड भराभर दाट होते, हे ठाऊक होते. १९९०मध्ये चार वर्षांच्या एका चाचणीचा निकाल आला. कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती. इतकी वाढ आजही सहसा कुठल्या औषधाने मिळत नाही. पण मणके दबण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही, आणि हातापायांची हाडे तर जास्तच मोडली. आपल्याकडे याचे फार नवल वाटायला नको होते. १९३७मध्येच नेल्लोरकडच्या गावांत विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने जखडलेल्या माणसांचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हा त्रास आजही आहे. एक्स-रेत ती हाडे पांढरीशुभ्र, दाट दिसतात, आणि माणूस मात्र वाकलेला असतो.

तरीही पुढच्या चारच वर्षांत सगळा रोग एका आकड्यावर बांधला गेला. १९९२मध्ये रोममध्ये तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट बसला. १९९४मध्ये त्याचा अहवाल निघाला. तरुण स्त्रियांची सरासरी घनता शून्य धरायची, त्यापासून रुग्ण किती प्रमाण विचलने (सरासरीभोवतीचा पसारा मोजण्याचे संख्याशास्त्रातले एकक) खाली आहे ते मोजायचे, म्हणजे झाला टी-स्कोअर. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधल्यांसाठी दुसरा शब्द : ऑस्टिओपेनिया.

उणे अडीचच का? हाडाला त्या बिंदूवर काही होते म्हणून नव्हे. उणे २.४ आणि उणे २.६ यांच्या हाडांत काहीही नाट्यमय घडत नाही, धोका उताराच्या रस्त्यासारखा सलग वाढत जातो. पण देशोदेशीची आकडेवारी जुळवायची तर रेघ कुठेतरी ओढावीच लागणार होती. उणे २.५ धरले की पाळी गेलेल्या गोऱ्या स्त्रियांपैकी साधारण ३० टक्के त्याखाली येत होत्या, आणि खुबा, मणका किंवा मनगट मोडण्याची गोऱ्या स्त्रियांची आयुष्यभराची शक्यताही साधारण तेवढीच होती. दोन आकडे जुळले, रेघ ठरली. लोकसंख्येतले प्रमाण मोजायला काढलेली ही रेघ. रुग्णाच्या टेबलावर ती निदान होऊन बसेल आणि तीवरून गोळी सुरू करायची की नाही हे ठरेल, हा मूळ हेतू नव्हता.

ऑस्टिओपेनियाचे तर याहून विचित्र झाले. रेघेच्या अलीकडे किती जण आहेत हे सांगायला केलेला तो एक कप्पा होता. सरासरीची व्याख्याच तरुणींवर बेतलेली असल्यामुळे पन्नाशीनंतरच्या निम्म्याच्या आसपास बायका सहज त्या कप्प्यात पडत. १९९५मध्ये अमेरिकेत ॲलेंड्रोनेट या हाडाची झीज रोखणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली. १९९७मध्ये त्याच औषधाच्या कमी डोसला, रोग नसलेल्यांमध्ये तो टाळण्यासाठी, मंजुरी मिळाली. दरम्यान स्वस्त, छोटी मोजणीयंत्रे दवाखान्यांपर्यंत पोचावीत यासाठी उत्पादक कंपनीने स्वतः जोर लावला होता. कप्प्याचा आजार झाला तो असा. ‘तुम्हाला ऑस्टिओपेनिया आहे’ हे वाक्य ऐकून घाबरलेल्या बायकांना तो शब्द एका तक्त्याची सोय होती, हे क्वचितच कुणी सांगितले.

मात्र यातून औषधच कुचकामी होते असा अर्थ काढणे चूक. १९९६च्या मोठ्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या स्त्रियांमध्ये, ॲलेंड्रोनेटने मणक्याचे नवे फ्रॅक्चर ४७ टक्क्यांनी आणि खुब्याचे ५१ टक्क्यांनी कमी केले. यात घनतेची वाढ एक अंकी टक्क्यांचीच होती. १९९९मध्ये रॅलॉक्सिफेन या दुसऱ्या औषधाची चाचणी आली. घनता दोन-तीन टक्के वाढली, मणक्याचे फ्रॅक्चर मात्र तिसऱ्या हिश्शाने घटले (खुब्याला फायदा दिसला नाही). ३५ टक्के वाढून शून्य फायदा आणि तीन टक्के वाढून एवढा फायदा, हे दोन निकाल शेजारी ठेवले की कळते, घनता वाढणे आणि हाड न मोडणे ही जुळी भावंडे नाहीत. हाडाची झीज थांबणे, आतले जाळे टिकणे, हे डेक्साच्या आकड्यात पुरते उतरत नाही.

भारतात हा आकडा आयात झाला तो त्याच्या मापट्यासकट. डेक्सा खरे तर घनता मोजत नाही. चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज, अशी हाडाची सावली मोजते. लहान हाडाची सावली फिकट पडते. आपल्या बांध्याच्या बाईला गोऱ्या तरुणींच्या सरासरीशी ताडले की तिचा स्कोअर खाली जाणारच. भारतीयांचे स्वतःचे संदर्भ-आकडे तयार झाले आहेत, आणि ते लावले की रोगाचा शिक्का कमी जणींवर बसतो. कोणते मापटे योग्य, हा वाद मिटलेला नाही, कारण आपल्याकडे खुबा पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात मोडतो असेही डॉक्टर सांगतात. त्यातून सोसायट्यांमधली मोफत शिबिरे आहेतच. तिथे टाच ठेवायचे जे यंत्र असते ते अल्ट्रासाउंडचे. उणे अडीचची रेघ कंबर, खुबा आणि हाताच्या डेक्सासाठी आखलेली. टाचेच्या चिठ्ठीवरचा टी-स्कोअर तिला लावता येत नाही, तरी शिबिरातून उठणारी प्रत्येक बाई तोच आकडा घरी घेऊन जाते.

२००२नंतर चित्र झपाट्याने पालटले. हार्मोन्सच्या प्रचंड अमेरिकी चाचणीत खुब्याची फ्रॅक्चर सुमारे एक तृतीयांशाने घटलेली दिसली, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढले, आणि इस्ट्रोजेन हाडांसाठीची पहिली पसंती राहिले नाही. त्याच वर्षी हाड नव्याने बांधणारे टेरिपॅराटाइड आले. २००३पासून ॲलेंड्रोनेटच्या कुटुंबातल्या औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होण्याच्या, पुढे मांडीचे हाड आडवे मोडण्याच्या नोंदी येऊ लागल्या. दोन्ही दुर्मीळ, भीती मात्र दुर्मीळ राहिली नाही. काही वर्षांनी गोळी थांबवून पाहण्याची पद्धत, ‘ड्रग हॉलिडे’, यातूनच रुळली. २०१०मध्ये आलेल्या डेनोसुमॅबला ती सुटी मानवत नाही. सहा महिन्यांचे इंजेक्शन चुकले की झीज उसळून येते आणि काहींचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. २०२०च्या टाळेबंदीत ज्यांची तारीख हुकली त्यांच्याबद्दल डॉक्टर धास्तावले होते ते यामुळे.

२००८मध्ये दहा वर्षांत फ्रॅक्चर होण्याची शक्यता काढणारे एक गणनयंत्र इंग्लंडमधून आले. त्यात वय, आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टेरॉइड, धूम्रपान हे सगळे मोजतात, आणि घनता नसली तरी चालते. रेघेला हा सरळ शह होता. हाड मोडणाऱ्यांतले बरेच जण उणे अडीचच्या वरचेच असतात, हे तोवर पुरेसे दिसले होते.

व्यायामाचे पारडे त्यामानाने उशिरा जड झाले. ‘वजन उचलू नका, वाकू नका’ हाच सल्ला वर्षानुवर्षे दिला जाई. २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या चाचणीत कमी घनतेच्या १०१ स्त्रिया होत्या. त्यांतल्या एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने आणि उड्या, असे आठ महिने. त्यांची कमरेची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. चाचणी छोटी होती आणि शिकवणारा शेजारी उभा होता, हे विसरून कुणी घरी डंबेल उचलू नये. चालण्याने घनता फारशी वाढत नाही, हे मात्र आपल्या ‘रोज चाला’वाल्या सल्ल्यात अजून उतरलेले नाही.

आणि इतके होऊन आकडा परतला आहे. बऱ्याच चाचण्या एकत्र मांडल्यावर असे दिसले की उपचाराने खुब्याची घनता जितकी जास्त वाढते, तितकी फ्रॅक्चर कमी होतात. फ्लोराइडचा धडा आजच्या औषधांना तसाच्या तसा लागू नाही. २०२४मध्ये अमेरिकेतल्या दोन संस्थांच्या गटाने, रक्तदाबासारखे, घनतेचेही लक्ष्य ठरवून उपचार करावेत असे सुचवले. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.५च्या वर, धोका जास्त असेल तर उणे २च्या वर. त्यासाठी धोका मोठा असलेल्यांना हाड बांधणारे औषध आधी आणि झीज रोखणारे नंतर, असा क्रम लागतो. आपल्याकडे सुरुवात सहसा ॲलेंड्रोनेटसारख्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीनेच होते. आणि दोन रिपोर्टांतला दीड-दोन टक्क्यांचा फरक, विशेषतः यंत्र बदलले असेल तर, हाडाचा आहे की मोजणीचा, हे सांगता येत नाही.